ह्यांच्या बाजूचं चाक

५ फेब्रुवारी

भाऊजी,

पत्राच्या सुरुवातीला नमस्कार लिहितात म्हणून लिहिते. केलाय असं समजू नका.

तुमच्याशी बोलणार नाही असं मी म्हटलं होतं, आणि मी बोलत नाहीच आहे. लिहिणार नाही असं म्हटलं नव्हतं. फोन केला असता तर तुम्ही माझं वाक्य पुरं होऊ दिलं नसतंत आणि मी तुमचं. कागदावर निदान मधे तोंड घालता येत नाही. शिवाय तुमचे दादा आतल्या खोलीत असतात, फोनवरचं सगळं त्यांना ऐकू जातं. तुम्हाला विचारलं हे त्यांना कळायला नको.

कामाचं लिहिते. मामंजींच्या गाडीचं पुढचं चाक गेलं. टायर नव्हे, टायर मला कळतो. टायर जिच्यावर चढवतात ती लोखंडी डिस्क. खड्ड्यात आदळली नि तिला चीर पडली. दुसऱ्या बाजूच्या डिस्कलाही गंजाचे पोपडे आलेत. डिकीतलं जादाचं चाक लावून गाडी कशीबशी चालते आहे, पण ते चाकही मरायला टेकलंय. इथल्या पंक्चरवाल्यानं बघितलं नि म्हणाला, बाई, असली डिस्क आता मिळत नाही, गाडीच बदला. जसं काही मी भाजी बदलून मागत होते. पुढच्या चौकातल्या दुकानदारानं दोन-तीन चाकं लावून बघितली. एक बोल्टांवर चढेना, दुसरं चढलं तर आत ब्रेकला टेकलं. तो वर हसला. मी म्हटलं, हसायला दुकान उघडलंयस का?

तुमचा जन्म चाकांत गेला. दुकान चाकांचं, भिंतीवर मापांचे तक्ते. ह्या गाडीच्या पुढच्या चाकांचं माप पाठवा. चाकं नकोत, तुम्ही नकोत, माप.

तुमचे दादा म्हणतात गाडी भंगारात देऊन टाक. भंगारवाला एकदा येऊन टायरला लाथ मारून गेलाय. चाक मिळालं नाही तर तो गाडी ओढून नेणार. मी नेऊ देणार नाही, गाडी मला लागते. कशाला ते विचारू नका.

आणि घाबरू नका. ह्या घराचा उंबरा ओलांडणार नाही म्हणून सगळ्यांसमोर बोलून गेला होतात. माप पोस्टानं येतं, त्याला पाय नसतात.

वहिनी


११ फेब्रुवारी

वहिनींस,

न केलेला नमस्कार पोचला.

माप वेगळ्या चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे. तुम्ही वाचायच्या भानगडीत पडू नका, दुकानदाराच्या हातात द्या. बोल्ट किती, बोल्टांचा घेर किती, मधलं भोक केवढं, चाक किती आत बसायला हवं, सगळं त्यात आहे. चाक म्हणजे नुसती गोल वस्तू नव्हे. ह्या चार गोष्टी जुळल्या तर ते बसतं. एक चुकली तरी घात होतो.

भंगाराचं वाचून मात्र हसू आलं. ती गाडी मला हवी होती. तिच्या पोटाखाली पाठ घासून मी मोठा झालो. बाबांना पाना कोण देत होतं? दादा त्या वेळी कपड्यांना डाग पडेल म्हणून लांब उभा असायचा. तरी गाडी गेली थोरल्याकडे, का तर तो थोरला. आणि आता तो थोरला म्हणतो भंगारात द्या! द्यायचीच असेल तर माझ्या दारात आणून सोडा. कुत्र्याला घातल्यासारखी भंगारवाल्याला घालू नका.

आणखी एक. हे दादानं स्वतः का लिहिलं नाही? हात मोडलाय का त्याचा? बायकोच्या आडून माप मागायची वेळ आली म्हणजे थोरलेपण फारच पातळ झालं म्हणायचं.

तुमचा दीर


१६ फेब्रुवारी

भाऊजी,

तुमची मोठी अक्षरं दुकानदाराला दाखवली. त्यानं त्या मापाचं चाक आणलं. बसलं नाही. बोल्ट एकीकडे, भोकं दुसरीकडे. तुमचा तक्ता भिंतीवरून काढा आणि त्यात वडे बांधा.

मग मी आत जाऊन सहज विचारल्यासारखं तुमच्या दादांना विचारलं. फार वेळ लागला त्यांच्याकडून काढून घ्यायला, पण निघालं. मागे एकदा गाडी रस्त्यात बंद पडली होती तेव्हा कुठल्याशा मेकॅनिकनं पुढचे दोन्ही हब, म्हणजे चाक ज्याच्यावर बसतं ते, काढून दुसऱ्याच गाडीचे घातले होते. कुठल्या गाडीचे ते त्या मेकॅनिकला माहीत, आणि तो मेकॅनिक आता वर गेलाय. तेव्हा तुमचा तक्ता खोटा आणि तुमचं हसूही फुकट.

एक डिस्क काढून पाठवा म्हणाल. चीर पडलेली पंक्चरवाल्यानं केव्हाच भंगारात टाकली, दुसरी मी पाठवणार नाही. जादाचं धरून चारच आहेत, एक काढली तर गाडी विटांवर येईल. मला ती एक दिवस बंद ठेवता येत नाही.

म्हणून मी माझ्या पद्धतीनं केलं. इतकी वर्षं लोकांचे कपडे शिवते आहे, अंगाचं माप सांगता येत नसलं तर आम्ही कागद कापतो. पंक्चरवाल्याला चाक खोलायला लावलं, हबवर जाड कागद दाबून धरला आणि वरून खडू घासला. बोल्टांची टोकं कागदातून आरपार आली. मधला जो उंचवटा आहे त्याचा गोल वेगळा कापून घेतला. ब्रेकपासून किती जागा ते दोऱ्यानं मोजून दोऱ्याला गाठी मारल्यात. दोरा पाकिटात आहे, गुंता करू नका. पंक्चरवाला तोंड उघडं टाकून बघत होता.

आता कागदाप्रमाणे चाकं तुम्हीच पाठवा. दोन. इथले दुकानदार कागद हातात धरून मला उलटसुलट प्रश्न विचारतात.

सुतार आलाय, घरभर भुसा झालाय. तुमचं पत्र भुशात पडलं होतं. झटकून वाचलं, तरी खुपलंच.

वहिनी


२४ फेब्रुवारी

वहिनींस,

दोन चाकं पार्सलनं पाठवली आहेत. बोल्टांची भोकं तुमच्या कागदाशी जुळवून घेतली. मधलं भोक तुमच्या गोलाइतकं. कागदाचं काम बरं आहे. दोऱ्याचं हसण्यासारखं आहे, पण जुळलं.

बाबांच्या गाडीला दुसऱ्याचे हब घातले, आणि हे मला आज कळतंय. ज्याला गाडी दिली त्यानं तिच्या पोटात काय आहे हेसुद्धा बघितलं नाही. दादाला माझा निरोप द्या. म्हणावं, गाडी वापरायला डोकं लागतं, थोरलेपण नाही.

सुतार कशाला? नवी कपाटं करताय वाटतं. गाडी भंगारात आणि घरात कपाटं, छान.

दीर


१ मार्च

भाऊजी,

चाकं आली. बसली, असं वाटलं. पंक्चरवाल्यानं नट आवळले, गाडी फिरवून आणली. गल्लीत ठीक. मोठ्या रस्त्यावर वेग घेतला नि स्टिअरिंग असं थडथडायला लागलं की हातातल्या बांगड्या वाजल्या. गाडी नाही, मळणीचं यंत्र. परत येऊन बघते तर नट सैल.

चाकं पाठवलीत का सूड पाठवलात?

आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाला सदरा नीट बसला नाही तर आम्ही उसवून पुन्हा शिवून देतो, गिऱ्हाइकाच्या बापाचा उद्धार करत नाही. तुमच्यात काय पद्धत आहे कोण जाणे. आणि माप चुकलं असं म्हणू नका. कागद माझ्या हातचा आहे. मधला गोल तर मी नेहमीसारखी चांगली अर्धं बोट माया सोडून कापला होता, घट्ट व्हायचा प्रश्नच नाही. मायेत काटकसर करणारी मी नाही, घट्ट शिवून गिऱ्हाइकाला पळवणाऱ्या बायका वेगळ्या.

निरोप दिला नाही. मी तुमची पोस्टमन नाही.

सुताराचं विचारायचं तुम्हाला कारण नाही. कपाटं नाहीत.

वहिनी


६ मार्च

वहिनींस,

माया!

दुकानात पत्र वाचलं आणि हातातली हातोडी खाली ठेवली. तुमचा कागद पुन्हा काढून उजेडात धरला. कापलेल्या कडेच्या आत पेन्सिलीची बारीक रेघ आहे. म्हणजे खरं माप ती रेघ, आणि बाकीची अर्धं बोट तुमची माया.

वहिनी, चाकात माया नसते. कापडात असते, कारण कापड आत दुमडतं, शिवणीत जातं, माणूस सुटला तर उसवून सैल करता येतं. लोखंड कुठे दुमडणार? तुमच्या मायेपायी मी भलत्याच मोठ्या भोकाचं चाक पाठवलं. ते हबवर बसलेलंच नाही, नुसतं चार बोल्टांवर लोंबकळतंय. वेगात ते डुलणार, नट सैल होणार, आणि एक दिवस गाडी पुढे नि चाक त्याच्याही पुढे. ही गाडी ताबडतोब उभी करा. इतकी साधी गोष्ट. पण चौथी नापास बाईच्या हातात मापाचं काम दिल्यावर दुसरं काय होणार?

ह्याच्यावर उपाय आहे. रेघ आणि कड ह्यांच्यात जितकं अंतर, तितक्याच जाडीच्या दोन कड्या मी लेथवर काढून घेतल्या आहेत. चाकाच्या मधल्या भोकात ती कडी बसवायची, मग चाक हबवर. तुमच्या मायेइतकी जाड, ना कमी ना जास्त. ती बसल्यावर थडथड थांबेल.

लावायचं काम दादाला करू द्या. एवढं तरी त्याला येत असेल.

दीर


१७ मार्च

भाऊजी,

कड्या बसल्या. थडथड थांबली. हे मी लिहिलं, आता ते भिंतीवर तक्त्याशेजारी लावून ठेवा.

चौथी नापास नाही, चौथी पास. पाचवीत बसवलं नाही कारण धाकट्यांना सांभाळायला घरी कोणी नव्हतं. पण तुम्ही कडी केलीत ती माझ्याच पेन्सिलीच्या रेघेवरून केलीत. रेघ नसती तर लेथवर डोकं घासत बसला असतात.

आता नवीन. चाक घासतंय. रोज नाही, हे बसले की. ह्यांच्या बाजूचं पुढचं चाक वर मडगार्डला घासतं. खड्डा आला की कर्र करून आवाज, टायरला काळी रेघ पडलीय. हे बसले नसतील तर काही नाही. तेव्हा वजनाचं काहीतरी आहे. ह्यांच्या बाजूला काय करायचं ते कळवा. लवकर कळवा. आवाज आला की हे मान फिरवतात आणि म्हणतात, दे टाकून भंगारात. मागच्या आठवड्यात तर बाहेर पडायलाच तयार नव्हते.

वहिनी


२१ मार्च

वहिनींस,

कारण सोपं आहे. गाडी चालवणाऱ्याच्या बाजूची पुढची स्प्रिंग बसली आहे. वर्षानुवर्षं एकाच माणसाचं धूड त्या बाजूला बसतंय, स्प्रिंग बिचारी करणार काय! जुनी चाकं आत बसायची म्हणून कळलं नाही. नवी थोडी बाहेर येतात म्हणून वर टेकतात. स्टिअरिंगच्या बाजूची स्प्रिंग बदलून घ्या. कुठलाही मेकॅनिक करील.

आणि दादाला सांगा, जरा हातपाय हलव. बाबा असताना तो खुर्चीतून उठून पाण्याचा ग्लास घ्यायचा नाही. आता तर उठतच नसेल.

दीर


२ एप्रिल

भाऊजी,

तुमच्या सांगण्यावरून मेकॅनिक बोलावला. त्यानं स्टिअरिंगच्या बाजूची स्प्रिंग काढली, हातात धरून मला दाखवली आणि म्हणाला, बाई, ही चांगली ठणठणीत आहे. तरी मी म्हटलं बदल, आमच्या घरातल्या शहाण्यानं सांगितलंय. बदलली. काल हे बसले, पहिल्याच खड्ड्यात कर्र.

मी काय लिहिलं होतं? ह्यांची बाजू. ह्यांच्या बाजूचं चाक. आणि तुम्ही माझ्या बाजूची स्प्रिंग बदलायला लावलीत! स्वतःला चाकातला देव समजता आणि साधं पत्र वाचता येत नाही. मी अडाणी, ठीक आहे, पण मला एवढं कळतं की घासतंय इकडे तर तिकडे औषध लावून चालत नाही. तुम्ही लहानपणापासून असेच. दुसऱ्याचं निम्मं ऐकायचं आणि उरलेलं निम्मं स्वतःच ठरवायचं.

ह्यांनी काल गाडीतून उतरल्यावर मला स्पष्ट सांगितलं, उद्यापासून नाही यायचं. भंगारवाला मंगळवारी येतोय. त्यांनीच निरोप धाडलाय, शेजाऱ्याकरवी, माझ्या पाठीमागे.

वहिनी


५ एप्रिल

वहिनी,

'माझ्या बाजूची स्प्रिंग' असं लिहिलं आहे तुम्ही.

गाडी तुम्ही चालवता? मग दादा तिकडे का बसतो?

खरं लिहा.


९ एप्रिल

भाऊजी,

खरं हवंय तर घ्या.

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता, सकाळी दाढी करताना ह्यांच्या हातून वस्तरा पडला. मला वाटलं निसटला. मग हे स्वतःच भांड्यांच्या मांडणीवर कलंडले. तेव्हापासून एका अंगाचा हात आणि पाय ह्यांचा राहिलेला नाही. जीभही अर्धी गेली. काय म्हणतात ते मला कळतं, दुसऱ्याला चार वेळा विचारावं लागतं. हबचं विचारलं तेव्हा वेळ लागला म्हणून लिहिलं होतं ना? एक एक शब्द ओढून काढत होते.

हात मोडलाय का त्याचा, असं विचारलं होतंत. आता कळलं?

आठवड्यातून तीनदा व्यायामाच्या केंद्रात न्यावं लागतं. भाड्याच्या गाडीवाल्याला दारात उभं राहून वाट बघायला नको असते. ह्यांना खुर्चीतून गाडीत घालायचं म्हणजे लग्नाचं सामान चढवण्याइतका वेळ. म्हणून मी गाडी शिकले. ह्या वयात. शिकवणारी पोरगी मला आजी म्हणायची, दुसऱ्या दिवशी मी तिचं ते बंद केलं. गाडी आहे म्हणून हे जातात, मामंजींची आहे म्हणून तिच्यात बसतात. गाडी गेली की हे भिंतीकडे तोंड करून पडणार, कायमचे. त्यांना तेच हवंय. म्हणून भंगारवाला. मंगळवारी आला होता तो. मी चाव्या पदराला बांधून बॉनेटवर बसून राहिले. गेला, पण परत येतो म्हणालाय. चाक घासतं तोवर ह्यांना निमित्त आहे.

आता विचाराल, मला का कळवलं नाही. तुम्ही त्या दिवशी दारात उभं राहून काय बोलला होतात ते तुम्ही विसरला असाल, मी विसरले नाही. 'दादा, उद्या तू आडवा पडलास तरी मी ह्या घराचा उंबरा ओलांडणार नाही.' अर्धंच वाक्य मी पहिल्या पत्रात लिहिलं होतं. आडवे पडल्यावर मी काय लिहायचं होतं? या, तुमचा शब्द खरा झाला, बघायला या? ह्यांनी माझ्याकडून वचन घेतलं. सगळ्यांना कळलं तरी चालेल, धाकट्याला नाही. मी ते पाळलं. तुमच्याच स्प्रिंगपायी माझी जीभ घसरली.

तुमची कीव नको. ह्यांच्या बाजूच्या चाकाचं काय करायचं तेवढं लिहा, आणि ह्या वेळी नीट वाचून लिहा.

वहिनी


१४ एप्रिल

वहिनी,

पत्रानं होणारं काम नाही. चाक नुसत्या गाडीला बसून चालत नाही, ती गाडी जशी वापरली जाते तशी तिच्याखाली बसावं लागतं. रिकामी गाडी उचलून मी काय बघणार? घासतं ते दादा बसल्यावर. तो बसल्याशिवाय चाक बसायचं नाही.

रविवारी सकाळी येतो. जॅक, हातोडा, सगळं माझं आणतो. दादाला गाडीत, त्याच्या नेहमीच्या जागी बसवून ठेवा. मी येणार हे सांगू नका, नाहीतर बसणार नाही. व्यायामाला जायचंय म्हणून सांगा.

काम रस्त्यावरच करीन. बोललो ते बोललो. उंबरा ओलांडणार नाही. मी शब्द फिरवला तर तोच मला हसेल.

ते जे बोललो होतो त्याबद्दल काही लिहायला बसलो होतो. जमलं नाही.

दीर


२१ एप्रिल

भाऊजी,

तुम्ही गेल्यावर ह्यांनी संध्याकाळभर मला शिव्या घातल्या. मी फसवलं म्हणून. अर्ध्या कळल्या, अर्ध्या मी समजून घेतल्या.

आता मला काय दिसलं ते लिहिते, कारण तुम्हाला वाटलं असेल कोणाला दिसलं नाही. तुम्ही आलात, गाडीजवळ उभे राहिलात, काचेतून ह्यांच्याकडे बघितलंत आणि नमस्कार ना चमत्कार, सरळ चाकाखाली गेलात. ह्यांनी काच वर करायचा प्रयत्न केला, त्या बाजूचा हात चालत नाही म्हणून जमलं नाही. मला वाटलं, झालं, आता दोघं असेच बसणार, एक वर एक खाली. तुम्ही मडगार्डची आतली कड ठोकून दुमडून घेतलीत, आम्ही सदऱ्याची कड दुमडतो तशी. ठोकताना गाडी हलत होती आणि हे दात ओठ खात होते. मग चाक चढवून नट आवळायला लागलात आणि एक उलटा फिरवलात. मुद्दाम फिरवलात की चुकून, ते तुम्हाला माहीत.

'गाढवा, उलटा फिरवतोस!'

सगळ्या गल्लीनं ऐकलं. इतक्या महिन्यांत ह्यांना पाणी मागताना शब्द सापडत नाही, आणि तुम्हाला गाढव म्हणताना एक अक्षर अडलं नाही. केंद्रातला शिकवणारा म्हणतो, आवाजाचा व्यायाम करा. त्याला सांगणार आहे, ह्यांच्या धाकट्या भावाला आणून समोर बसव.

त्यानंतर नट आवळून झाले होते तरी तुम्ही खालीच बसून होतात. तेच तेच नट पुन्हा आवळत होतात. मला पाना कळतो आता, भाऊजी. आवळलेला नट कसा दिसतो तेही कळतं.

आणि चाकात माया नसते म्हणून मला केवढं सुनावलं होतंत. मग चाक आणि मडगार्ड ह्यांच्या मधे दोन बोटं घालून जागा सोडलीत ती काय होती? आमच्यात तिला मायाच म्हणतात. तुमच्या तक्त्यात काय म्हणतात ते बघून घ्या.

काल व्यायामाला गेलो. खड्डे तेच, आवाज नाही. हे सगळा रस्ता खिडकीबाहेर बघत होते, चाकावर कान ठेवून. परत येताना म्हणाले, आणि हे मी जसंच्या तसं लिहिते, त्यात माझं काही नाही: नट पुन्हा आवळावे लागतात थोडं चालल्यावर, त्यानंच आवळलेत, त्यालाच कळणार. मी म्हटलं मी आवळते. म्हणाले, तू नको. भंगारवाल्याला शेजाऱ्याकडूनच निरोप गेला, नको येऊ म्हणून. मी पाठवला नाही.

तेव्हा यावं लागेल. माझी इच्छा म्हणून नाही. तुम्हाला माफ केलं असंही समजू नका, त्या गोष्टीला वेळ आहे, होईलच असं नाही.

राहिली तुमची शपथ. त्या दिवशी मी चहा आणून दिला तो तुम्ही पायरीवर दाराकडे पाठ करून घेतलात. मान वळवून एकदा बघितलं असतंत तर दिसलं असतं. सुतार कशाला, कपाटं कशाला, म्हणून विचारत होतात ना? ह्यांच्या खुर्चीची चाकं दारात अडायची, म्हणून फेब्रुवारीतच उंबरा कापून काढून टाकलाय. दारात आता सपाट जमीन आहे, ओलांडायला काही नाही.

पाय पुसून या.

वहिनी